शिवणाची खोली आवरताना

ज्या घरात शिवणयंत्र असतं, त्या घरात ब्लाऊजपीसचा गठ्ठाही असतोच. चैत्रातलं हळदीकुंकू, संक्रांत, डोहाळजेवण, लग्नातली ओटी. दर वेळी एखादं तरी पीस घरी येतं आणि ‘शिवू कधीतरी’ म्हणत कपाटात सरकवलं जातं. त्यावर झबल्यातून उरलेली मलमल चढते, इरकलीचे काठ येतात, खणाचे तुकडे, लेसची बंडलं, बिस्किटांच्या डब्यात कोंबलेली बटणं. बघता बघता यंत्रापुढची खुर्चीही भरून जाते. शिवायला बसायचं तर आधी उचलाउचल करावी लागते आणि त्या नादात शिवणच मागे पडतं.

या पसाऱ्याला आळस म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण शिवण-भरतकाम करणारी माणसं सहसा आळशी नसतात. अडचण वेगळीच असते. एकाच खोलीत तीन निरनिराळ्या गोष्टी नांदत असतात: रोज हाताला लागणारी हत्यारं, पुढे लागेल म्हणून साठवलेला माल आणि अर्ध्यावर राहिलेली कामं. कपाट मात्र कापडाचा कप्पा, दोऱ्याचा कप्पा, बटणांचा कप्पा अशा हिशेबानं लावलेलं असतं. साधा परकर पुरा करायचा तरी चार ठिकाणी हात घालावा लागतो. अर्धवट कामाला तर स्वतःची जागाच नसते. म्हणून ते यंत्रावर, पलंगावर, जिथे मिळेल तिथे मुक्काम ठोकतं.

सुरुवात म्हणूनच अर्धवट कामांपासून करावी. प्रत्येक कामाची एक पिशवी: कापलेलं कापड, अस्तर, जुळणारा दोरा, भरलेली बॉबिन, हुक आणि मापाची चिठ्ठी. साडीबरोबर येणारी चेनची पारदर्शक पिशवी यासाठी उत्तम. चिठ्ठीवर पुढची पायरी लिहून ठेवावी, ‘बाह्या जोडणे’ किंवा ‘काजं करणे’. महिन्यानंतर पिशवी उघडली तरी कुठे थांबलो होतो हे आठवत बसावं लागत नाही. आणि जिच्यासाठी फ्रॉक बेतला होता ती मुलगी आता कॉलेजात जात असेल, तर टाके उसवून ते कापड सरळ साठ्यात टाकावं.

पसाऱ्यातूनच नवं सुचतं, असं म्हणणारेही असतात. त्यांच्या बाजूनं चित्रकार फ्रान्सिस बेकनचा दाखला देता येईल. लंडनमधल्या रीस म्यूज इथल्या त्याच्या लहानशा स्टुडिओत १९६१ पासून त्याच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १९९२ पर्यंत, सामान साचत गेलं. १९९८ मध्ये हा स्टुडिओ डब्लिनच्या ह्यू लेन गॅलरीला देण्यात आला, तेव्हा तो उचलण्यासाठी पुरातत्त्वज्ञांना बोलवावं लागलं. उत्खननात करतात तसे नकाशे काढून त्यांनी वस्तूंच्या जागा टिपल्या. सात हजारांहून अधिक वस्तू निघाल्या: चुरगळलेली छायाचित्रं, पुस्तकांची फाडलेली पानं, चिरलेले कॅनव्हास. भिंती, दारं, अगदी धूळसुद्धा डब्लिनला नेली गेली आणि २००१ पासून ती खोली लोकांना पाहता येते. त्या गोंधळातून आपल्याला प्रतिमा सुचतात, असं बेकन सांगत असे. त्याच्यापुरतं ते खरंही होतं, कारण पायाशी सापडेल ते छायाचित्र त्याला चालत होतं. शिवणाऱ्याला मात्र त्या जांभळ्या काठाशी जुळणारा तो एकच दोरा हवा असतो.

हत्यारांच्या बाबतीत ज्युलिया चाइल्ड या अमेरिकी पाककला-लेखिकेच्या स्वयंपाकघराकडून शिकावं. त्यांचे पती पॉल यांनी भिंतीवर भोकांच्या फळ्या बसवल्या, त्यांवर भांडी टांगली आणि प्रत्येक भांड्याची बाह्यरेषा मागे रेखली. पातेलं जागेवर नसलं की रिकामी आकृती लगेच डोळ्यांत भरते. हे स्वयंपाकघर आता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. चाकण-पिंपरीच्या कारखान्यांत काम केलेल्यांना ही युक्ती नवी वाटणार नाही. जपानी ‘फाइव्ह एस’ पद्धतीत पाने-पक्कडींच्या आकृत्या काढलेले फलक असेच लावतात. शिवणाच्या खोलीतही कात्री, इंची टेप, खडू, टाके उसवायचं हत्यार यंत्राजवळच्या भिंतीवर, बसल्या जागी हात पोचेल असं टांगावं. कापडाच्या कात्रीला लाल फीत बांधावी, म्हणजे तिनं घरात कोणी कागद कापणार नाही. कागदानं धार जाते.

साठ्याचा प्रश्न अधिक अवघड, कारण तिथे माया गुंतलेली असते. हातात घेतल्यावर आनंद देते तीच वस्तू ठेवावी, हा मारी कोंडो यांचा निकष २०१९ च्या नेटफ्लिक्स मालिकेनंतर घरोघरी पोचला. कापडाच्या कपाटापुढे तो लटका पडतो, कारण खणाचा प्रत्येक तुकडा आनंदच देतो. तिथे ‘याचं काय शिवणार?’ हा प्रश्न जास्त कामाचा. उत्तर चटकन आलं तर ठेवावं.

ठेवायचं ते दिसेल असं ठेवावं. ढीग लावला की तळातलं कापड विस्मरणात जातं आणि त्याच रंगाचं पुन्हा विकत आणलं जातं. एका मापाचे पुठ्ठे कापून त्यांना कापड गुंडाळावं आणि फळीवर पुस्तकांसारखं उभं लावावं. प्रत्येकाला लांबीची चिठ्ठी टाचावी. ऐंशी सेंटिमीटर आहे की मीटरभर, हे घडी न मोडता कळतं. दोऱ्याच्या प्रत्येक रिळावर त्याच रंगाची बॉबिन बसवून ठेवावी. जुना दोरा दोन्ही हातांत धरून ताणून बघावा. सहज तुटला तर तो यंत्रातही तुटणार. डबे आणि खोकी मात्र सगळ्यात शेवटी, मोजमाप घेऊन आणावीत. आधी आणलेल्या डब्यांत पसारा फक्त झाकला जातो.

आपल्याकडे पावसाळ्याचाही विचार करावा लागतो. कोकणात तर टाचण्या आणि सुया एका हंगामात गंजतात. त्या घट्ट झाकणाच्या डबीत सिलिका जेलच्या पुडीसह ठेवाव्यात. जरीचं कापड मऊ सुती फडक्यात गुंडाळावं आणि डांबराच्या गोळ्या त्याला टेकू देऊ नयेत.

एवढं करूनही जे उरेल, ते दिवाळीच्या आवराआवरीत पुन्हा माळ्यावर चढवू नये. गोधड्या शिवणारे बचत गट जवळपास असतील तर त्यांना सुती तुकडे हवेच असतात. अंशू गुप्ता यांनी १९९९ मध्ये सुरू केलेली ‘गूंज’ ही संस्था शहरांतलं कापड गावांपर्यंत पोचवते आणि सुती कापडापासून मासिक पाळीसाठी पॅडही तयार करते. देताना कापड धुऊन, वाळवून, सुती आणि सिंथेटिक वेगळं बांधून द्या. कुजलेला दोरा आणि ताण गेलेलं इलॅस्टिक मात्र कोणाच्या गळ्यात मारू नका. ते कचऱ्यातच टाका.