नाव तेच, तरी एक्सेलला सापडत नाही! नावांचा कॉलम साफ करूया

शिक्षक मित्रांनो, वर्गाची यादी एका शीटमध्ये असते, बँक खात्यांची दुसऱ्या. व्हीलुकअप लावलं की चार-पाच मुलांसमोर 'एन/ए' येतं. नाव तर दोन्हीकडे तेच दिसतंय! घाईत आपण ती मुलं 'खाते नाही' या रकान्यात टाकतो, आणि एका रिकाम्या जागेपायी कुणाची तरी शिष्यवृत्ती अडकते.

एक्सेल आपल्यासारखं नाव वाचत नाही, प्रत्येक अक्षरामागचा क्रमांक बघतं. म्हणून आधी शेजारच्या कॉलममध्ये लेन हे फंक्शन लावा. 'अमोल'चं उत्तर ४ यायला हवं. ५ आलं तर कुठेतरी स्पेस लपलीय.

ट्रिम फंक्शन मागच्या-पुढच्या स्पेस काढतं आणि मधल्या दोन-तीन स्पेसची एक करतं. पण वेबपेजवरून कॉपी केलेल्या यादीत बऱ्याचदा १६० क्रमांकाची स्पेस असते. तिला ट्रिम हात लावत नाही. तेव्हा सबस्टिट्यूटने युनिकार १६० च्या जागी साधी स्पेस टाका, मगच ट्रिम करा. क्रम उलटा केलात तर टोकाची स्पेस तशीच राहील. (सूत्रात अंक इंग्रजीच लिहा.)

आता खास मराठीतली गंमत. 'कुऱ्हाडे' हे आडनाव दोन प्रकारे टाइप होतं. कुणी 'ऱ' वापरतं, तेव्हा लेन ८ सांगतं. कुणी साधा 'र', हलन्त आणि पुढे एक न दिसणारं जोडअक्षर वापरतं, त्याचा क्रमांक ८२०५; तेव्हा लेन ९ सांगतं. डोळ्यांना फरक शून्य! इथे ते अदृश्य अक्षर नुसतं उडवू नका, नाहीतर 'कुर्हाडे' होईल, म्हणजे रफार थेट 'ह'च्या डोक्यावर. सबस्टिट्यूटमध्ये 'र्' ला युनिकार ८२०५ जोडून ते शोधा आणि त्याजागी 'ऱ्' ठेवा. गोऱ्हे, कऱ्हाडकर, सगळे एकदम सुधारतात.

'पाटील' आणि 'पाटिल' मात्र सूत्रावर सोडू नका. कोणतं बरोबर ते जनरल रजिस्टर सांगेल, एक्सेल नाही. सरसकट फाइंड-रिप्लेस मारलं तर एखाद्याचं नाव दाखल्यापेक्षा वेगळं होऊन बसेल.

नाव, वडिलांचं नाव, आडनाव वेगळं करायला टेक्स्ट टू कॉलम्स आहेच. त्याआधी उजवीकडे दोन कॉलम रिकामे ठेवा, नाहीतर तिथला मजकूर पुसला जातो. ज्या मुलांचं नाव दोनच शब्दांचं आहे, त्यांचं आडनाव मधल्या कॉलममध्ये जाऊन बसतं. तेवढ्या ओळी हाताने बघाव्याच लागतात.

हे सगळं नवीन कॉलममध्ये करायचं, मूळ कॉलम तसाच ठेवायचा. व्हीलुकअप पुन्हा चालवून एकही 'एन/ए' उरलं नाही, की साफ केलेला कॉलम कॉपी करून पेस्ट स्पेशलमधून फक्त व्हॅल्यूज चिकटवा. त्याआधी मूळ कॉलम डिलीट केलात, तर सगळ्या नावांच्या जागी एरर दिसतील.