बॉनेटच्या फटी मोजणारी माणसं

मराठी घरातल्या जुन्या अल्बममध्ये मोटारीचा फोटो निघाला की दोन गोष्टी छातीठोकपणे सांगितल्या जातात. एक, गाडी आजोबांची स्वतःची होती. आणि दोन, ती रोल्स-रॉइस होती. फारच विनयशील घर असेल तर ‘ब्यूक असावी बहुतेक’ असं म्हणतात. मग तो फोटो एखाद्या जाणकाराच्या हाती पडतो. तो आजोबांकडे, त्यांच्या फेट्याकडे, मागच्या वाड्याकडे ढुंकूनही बघत नाही. खिशातून भिंग काढतो, पुढच्या चाकाच्या मधोमध नेतो आणि थोड्या वेळानं म्हणतो, ‘शेवरोले. सत्तावीस किंवा अठ्ठावीस.’ घरच्यांचा चेहरा उतरतो. त्याचा मात्र खुलतो, कारण सत्तावीस की अठ्ठावीस हा खरा प्रश्न आता कुठे सुरू झालेला असतो.

जगभर अशी माणसं आहेत. त्यातल्या बऱ्याच जणांकडे स्वतःची जुनी मोटार नाही आणि ती घेण्याची ऐपतही नाही. गाडी बाळगायची तर गॅरेज लागतं, मिस्त्री लागतो, पैसा तर लागतोच. फोटो ओळखायला भिंग, जुनी कॅटलॉगं आणि चिकाटी पुरते. निक जॉर्जानो यांनी १९६८मध्ये संपादित केलेला मोटारींचा जाडजूड कोश या मंडळींच्या हाताशी असतोच. इंग्लंडमध्ये ब्यूली इथल्या राष्ट्रीय मोटार संग्रहालयाचा छायाचित्रसंग्रह आहे, अमेरिकेत डेट्रॉइटच्या सार्वजनिक ग्रंथालयाचा मोटारविषयक विभाग आहे. तरी शेवटी सगळं डोळ्यावर येतं.

या छंदाला व्यवहाराची एक बाजू इंग्लंडमध्ये लवकर आली. लंडन ते ब्रायटन ही जुन्या मोटारींची फेरी १९२७पासून भरते आणि तिच्यात १९०५च्या आधी बांधलेल्या गाडीलाच प्रवेश असतो. म्हणजे १९०४ची गाडी आत, १९०५ची बाहेर. आणि या एका वर्षानं किमतीत केवढा तरी फरक पडतो. १९३०मध्ये स्थापन झालेल्या ‘व्हेटरन कार क्लब’चं मोठं काम म्हणजे गाडीचं वय ठरवून तसा दाखला देणं. इंग्लंडमध्ये गाड्यांची नोंदणीच १ जानेवारी १९०४ला सुरू झाली, त्यामुळे त्याआधीच्या गाडीला जन्माचा कागद मिळणं मुश्कील. मग जुना फोटो साक्षीदार होतो. मालकाला हवं ते वर्ष त्यातून निघत नाही तेव्हा काय होतं, हे जमिनीची मोजणी पाहिलेल्या कुणालाही सांगायला नको.

पाहणारा पहिल्यांदा बघतो तो रेडिएटर. १९३०पर्यंतच्या मोटारीचा चेहरा म्हणजे तिचा रेडिएटर, आणि कंपन्या तो प्राणपणानं जपत. रोल्स-रॉइसचा ग्रीक देवळाच्या दर्शनी भागासारखा, वर कंगोरा असलेला. १९११पासून त्यावर चार्ल्स साइक्सनं घडवलेली पंखवाली बाई. पॅकार्डचा वरच्या कडेला दोन्हीकडे खांदे पाडलेला. बुगाटीचा घोड्याच्या नालेसारखा. मॉरिसचा १९२६पर्यंत बैलाच्या नाकाडासारखा गोल फुगीर, त्यानंतर सपाट. तेवढ्या एका फरकावर मॉरिसची गाडी काळाच्या या किंवा त्या बाजूला जाते. व्हॉक्सहॉलच्या बॉनेटच्या दोन्ही कडांवर लांब पन्हळी. आणि समोर रेडिएटरच दिसत नाही, बॉनेट उतरत उतरत थेट खाली येतं, अशी गाडी असेल तर आधी रेनो आठवावी. विसाच्या दशकाच्या अखेरीपर्यंत रेनोनं रेडिएटर इंजिनाच्या मागे ठेवला होता.

हे झालं पुस्तकातलं. आपल्याकडे अडचण वेगळीच. आपल्याकडे मोटारीचा फोटो काढला जाई तो लग्नात, नाहीतर दसऱ्याला. आणि दोन्ही वेळा रेडिएटरवर झेंडूचा हा भला मोठा हार! नेमका बिल्ला झाकलेला. वरातीच्या गाडीत तर दिव्यांनाही गजरे, फूटबोर्डावर पोरं आणि बॉनेटला टेकून व्याही. इंग्रज जाणकाराला हा छळ कधी सोसावा लागत नाही. त्यामुळे इथे काम करणाऱ्याला चेहरा सोडून हातपाय बघायला शिकावं लागतं.

तर ती शेवरोले. समजा उघडी टूरर आहे, कापडी टप मागे पाडलेला, हारातून बिल्ल्याचं एक टोक तेवढं डोकावतंय. शेवरोलेची १९२७ची ‘कॅपिटॉल’ आणि १९२८ची ‘नॅशनल’ या चटकन बघता बहिणी-बहिणी. अठ्ठावीसची चार इंचांनी लांब, पण फोटोत गाडी तिरकी उभी असेल तर चार इंच कोण मोजणार? इथे भिंग पुढच्या चाकाशी जातं. लाकडी आऱ्यांच्या मागे अंधारात एक गोल तबकडी दिसते का? तो ब्रेकचा ड्रम. सत्तावीसच्या शेवरोलेला ब्रेक फक्त मागच्या चाकांना होते; अठ्ठावीसच्या मॉडेलला पहिल्यांदा चारही चाकांना आले. आऱ्यांतून आरपार उजेड दिसला तर सत्तावीस, मागे काळं बुड दिसलं तर अठ्ठावीस. पुढच्याच वर्षी शेवरोले सहा सिलिंडरची झाली. आणि अठ्ठावीस निघालं तर आपल्याला आणखी एक धागा मिळतो, कारण जनरल मोटर्सनं मुंबईत शिवडीला सुट्या भागांची जुळणी करून गाड्या बाहेर काढायला सुरुवात केली ती त्याच १९२८मध्ये. आजोबांच्या मागची गाडी कदाचित शिवडीतूनच निघाली असेल. रोल्स-रॉइसपेक्षा ही गोष्ट मला तरी जास्त रंजक वाटते. घरच्यांना वाटत नाही, हे मान्य.

पुढच्या चाकाचा ब्रेक हा एकूणच मोठा दुवा. सर्वसाधारण गाड्यांत तो १९२४च्या आगेमागे यायला लागला. फोर्डच्या मॉडेल ‘टी’ला तो शेवटपर्यंत नव्हता. १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटींवर निघालेली ही गाडी ओळखायला सोपी, तिचं वर्ष सांगायला अवघड. रेडिएटर पितळी असेल तर १९१६पर्यंतची. १९१७च्या मॉडेलपासून त्यावर काळं पत्र्याचं कवच आलं आणि मडगार्डांना बाक आला. तिच्यानंतरच्या मॉडेल ‘ए’मध्ये १९२८-२९ची चाकं एकवीस इंची, १९३०-३१ची एकोणीस इंची. हे फोटोवरून कळतं का? कळतं. शेजारी माणूस उभा असेल तर चाक त्याच्या मांडीपर्यंत कुठे येतं ते बघायचं आणि माणूस किती उंच होता ते घरच्यांना विचारायचं. आजोबांचा उपयोग होतो तो इथे.

दिवे पितळी आणि त्यांना रबरी नळी जोडलेली असेल तर ते कार्बाइडच्या गॅसवर जळणारे, म्हणजे बहुधा पहिल्या महायुद्धाआधीचे. बॉनेटच्या बाजूला हवा जायला पाडलेल्या उभ्या फटी मोजायच्या. त्या किती, एका गटात की दोन, उभ्या की आडव्या, यावर वर्ष हलतं. चाकाचे नट किती, दाराचे कब्जे बाहेर दिसतात का, काच एकसंध की मधून दुभंगलेली. यातला एकही पुरावा एकट्यानं उभा राहत नाही. तीन-चार एकाच दिशेला बोट दाखवायला लागले की मग नाव घ्यायचं.

आणि नाव घेतलं तरी तारीख मिळत नाही. मिळते ती ‘याच्या आधीची नाही’ एवढीच हद्द. १९२८ची गाडी १९४५च्या फोटोतही असू शकते. आपल्याकडे तर मोटार ही पिढीजात वस्तू. म्हणून रस्त्याच्या फोटोत सगळ्यात नवी गाडी शोधायची. फोटो तिच्या जन्मानंतरचा. दुसरी हद्द मोटारींपलीकडच्या गोष्टींतून येते. मुंबईच्या एखाद्या चौकाच्या फोटोत ट्राम असेल तर तो ३१ मार्च १९६४च्या आधीचा, कारण त्या रात्री शेवटची ट्राम धावली. त्याच फोटोच्या कडेला अँबेसेडर असेल तर १९५७च्या आधीचा नाही. सात वर्षांत फोटो कोंडला. आता अँबेसेडरच्या तोंडाची जाळी बघायची: चौकड्यांची असेल तर ती ‘मार्क टू’, म्हणजे साठच्या दशकातली, आणि सात वर्षांची दोन-एक वर्षं होतात. शेजारी डुक्कर फियाट असेल आणि तिचं पुढचं दार कुणी उघडं ठेवलेलं असेल तर उत्तमच. सुरुवातीच्या गाड्यांचं ते दार पुढून उघडायचं, कब्जे मागे.

नंबराच्या पाटीचाही आधार असतो, पण फोटोत ती वाचता येईल तर! मुंबईच्या गाड्यांवरची ‘बीएम’नं सुरू होणारी अक्षरं महाराष्ट्र झाल्यावर ‘एमआर’, ‘एमएम’ अशी बदलली, आणि ‘एमएच ०१’ ही आजची पद्धत १९८९ची. संस्थानांच्या पाट्या तर आणखी निराळ्या. बाकी पाटीवरून नोंदणी कळते, गाडीचा जन्म नाही.

फोटोखाली लिहिलेल्या ओळीवर किती विसंबावं, याचं माझ्या मते सगळ्यात सुंदर उदाहरण फ्रान्समधलं आहे. जाक-आंरी लार्तीग या छायाचित्रकाराचा एक फोटो बहुतेकांनी कुठे ना कुठे पाहिलेला असतो. शर्यतीची मोटार उजवीकडे सुसाट निघालीय, तिचा पुढचा भाग चौकटीतून निसटलाय, मागचं चाक लंबगोल होऊन पुढे झुकलंय आणि रस्त्याकडेचे प्रेक्षक उलट्या दिशेला कलंडलेत. लार्तीगच्या कॅमेऱ्याच्या पडद्याची, म्हणजे शटरची, फट दृश्यावरून खालून वर सरकत होती. चाकाचा तळ आधी टिपला गेला, माथा क्षणभर उशिरा, तेवढ्यात गाडी पुढे गेली. लार्तीग गाडीबरोबर कॅमेरा फिरवत होता, पण तिच्या वेगानं नाही, म्हणून उभी माणसं मागे झुकली. पुढे १९६३मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयानं त्याचं प्रदर्शन भरवलं आणि हे चित्र वेगाचं प्रतीक होऊन बसलं.

त्याखाली अनेक दशकं छापलं जाई: ‘डेलाज मोटार, फ्रेंच ग्रां प्री, २६ जून १९१२.’ तारीख दिसायला चोख, कारण १९१२ची शर्यत दिएप इथे २५ आणि २६ जूनलाच झाली. पण मोटारीच्या नादी लागलेल्यांना ते पटेना. त्या शर्यतीत डेलाज उतरलीच नव्हती! मग उरला गाडीच्या मागच्या टाकीवर रंगवलेला ठळक ६ हा आकडा. चाकाचा आकार इथे कुचकामी, पडद्यानंच तो बिघडवलेला. आकडा मात्र शर्यतींच्या याद्यांशी ताडून पाहता येतो. १२ जुलै १९१३ला आमियाँ इथे झालेल्या ग्रां प्रीत ६ क्रमांक होता तेओदोर श्नायडर या कंपनीच्या गाडीला, चालक रने क्रोके. गाडीची ठेवणही जुळली. कंपनी चुकीची, वर्ष चुकीचं, शर्यतीचं गाव चुकीचं. संग्रहालयांनी नंतर ओळ दुरुस्त केली, तरी जुनी ओळ अजून पुस्तकांतून भटकत असते. कलासमीक्षकांनी त्या चित्रावर रकाने भरून लिहिलं. आकडा वाचला तो मोटारवाल्यांनी.

फसायच्या जागा आणखीही आहेत. दुसऱ्या महायुद्धाआधी रोल्स-रॉइस फक्त सांगाडा आणि इंजिन विकायची. वरचा साज बार्कर, हूपर, थ्रप अँड मेबर्ली अशा कारागिरांकडून करून घ्यायचा. त्यामुळे मागच्या अर्ध्या भागावरून कंपनी ओळखायला जाणारा हमखास तोंडघशी पडतो. मालक नव्या फॅशनचे दिवे जुन्या गाडीला लावतात. छापताना निगेटिव्ह उलटी पडली की डावीकडचं स्टिअरिंग उजवीकडे जातं. अशा वेळी कोटाची बटणं आणि दुकानाची पाटी बघावी.

रंगाचं तर विचारूच नका. ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म तांबड्या रंगाला आंधळी असते. लाल गाडी तिच्यावर काळी उमटते, निळी मात्र फिकी पडते. इंदूरचे यशवंतराव होळकर यांनी तीसच्या दशकात अमेरिकन ड्युसेनबर्गच्या सांगाड्यावर लंडनच्या गर्नी नटिंगकडून बॉडी चढवून घेतली होती, नारिंगी आणि काळ्या रंगात. ऑर्थो फिल्मवर तिचा फोटो काढला तर ती जवळजवळ एकरंगी काळी दिसेल. घरातल्या म्हाताऱ्या आत्या ‘आमची गाडी लाल होती हो’ म्हणत असतील आणि फोटोत ती काळी असेल, तर आत्यांना खोटं पाडण्याची घाई करू नये. गाडीच्या नावाबद्दल त्यांचं ऐकू नये, रंगाबद्दल ऐकावं.

कोल्हापूरकरांना एक अवघड गाडी आयती पाहायला मिळते. शाही दसऱ्याला छत्रपती घराण्यातली मंडळी ज्या मोटारीतून दसरा चौकात येतात ती मेबॅक. झेपेलिन विमाननौकांची इंजिनं बनवणाऱ्या या जर्मन कंपनीनं १९२१ ते दुसऱ्या महायुद्धापर्यंत मोजक्याच मोटारी काढल्या. तिचा थाट लांबून मर्सिडीजसारखा वाटतो आणि नवखा माणूस तेच नाव घेतो. पण बिल्ल्यावर तीन टोकांचा तारा नसतो. एकमेकांत गुंतलेले दोन ‘एम’ असतात. कोल्हापुरातलं पोरगंही ‘मेबॅक’ म्हणून मोकळं होतं, तिथे परदेशी जाणकाराला कॅटलॉग उघडावं लागेल.

काही फोटो मात्र कायमचे अडतात. विसाच्या दशकात अमेरिकेत कितीतरी छोट्या कंपन्या बाजारातून इंजिन, गिअर, दिवे, आस विकत घेऊन गाडी जुळवत आणि वर आपला बिल्ला ठोकत. बिल्ला झाकला गेला की त्या एकमेकींपासून वेगळ्या करता येत नाहीत. अशा फोटोखाली प्रामाणिक जाणकार ‘अमेरिकन टूरर, १९२२ ते १९२५’ एवढंच लिहितो. घरच्यांना यापुढे काय हवं असेल तर त्यांनी फोटो अल्बममधून सोडवून मागची बाजू बघावी. तिथे स्टुडिओचा शिक्का असतो, कधी गाव असतं, कधी शाईनं लिहिलेली तिथी असते. आणि गोल चौकटीत बसावा म्हणून कडा कापायच्या असतील तर आजोबांच्या बाजूनं कापाव्यात, चाकाच्या बाजूनं नाही.