टेबलावरील रणांगण : नवा कालखंड कोणता ?

बोटभर उंचीचे धातूचे शिपाई रंगवून, टेबलावर टेकड्या, ओढे व गांवें मांडून, फांसे आणि फूटपट्टी यांच्या साहाय्यानें इतिहासांतील लढाया पुन्हा लढून पाहण्याचा छंद आपल्याकडे अद्याप विरळा आहे. तथापि दिवाळींत अंगणांत मातीचा किल्ला रचून त्याच्या बुरुजांवर मावळे बसविण्यांत ज्यांचें बालपण गेलें, त्यांस तो अगदींच परका वाटूं नये. हा छंद जडलेल्या मनुष्यास एक प्रश्न कधीं ना कधीं गांठतोच : एका कालखंडांतील लढाया मनसोक्त लढून झाल्या, आतां पुढें कोणता घ्यावा ? आम्हीं नेपोलियनच्या काळांत कांहीं वर्षें घालविलीं व आतां त्याच प्रश्नाशीं येऊन थांबलों आहों. प्रश्न खेळाचा खरा, पण क्षुल्लक नव्हे. दोनशें शिपाई नीट रंगवावयास पेन्शनींत निघालेल्या माणसाचेहि कित्येक महिने जातात. आणि येथें शत्रूचें सैन्यहि आपणच रंगवावयाचें असतें. साठी उलटलेल्या डोळ्यांस असे आणखी किती कालखंड परवडणार ? एखादाच, फार तर दोन. म्हणून निवड करितांना हातीं कांहीं कसोटी असावी.

आपल्या पूर्वजांनीं सैन्याचीं चार अंगें पटावर आणून चतुरंगाचा खेळ रचिला. महाभारतांत सैन्याचा सर्वांत लहान घटक जी पत्ति, तींत एक रथ, एक हत्ती, तीन घोडे व पांच पायदळ असें प्रमाण सांगितलें आहे. तेव्हां मोठ्या सैन्याचा लहान नमुना ही कल्पना आपणांस नवी नाहीं. परंतु बुद्धिबळाच्या पटाला काळ नाहीं. तेथें दोन्ही सैन्यें समान, भूमि सपाट, आणि शत्रूचें प्रत्येक मोहरें डोळ्यांसमोर. खऱ्या लढाईंत यांपैकीं एकहि गोष्ट नसते. हा भेद ध्यानीं घेऊन प्रशियांतील राइसविट्झ पितापुत्रांनीं नवा खेळ घडविला. पित्यानें तो १८१२ सालीं राजास दाखविला व पुत्रानें १८२४ सालीं त्याचे सुधारलेले नियम प्रसिद्ध केले. १ : ८००० प्रमाणाचा नकाशा, दैवाच्या वांट्यासाठीं फांसे, आणि उभय पक्षांस जेवढें दिसणें शक्य तेवढेंच दाखविणारा पंच, हीं त्याचीं अंगें होत. पुढें १९१३ सालीं एच. जी. वेल्स यांनीं ‘लिटल वॉर्स’ हें पुस्तक लिहून खेळण्यांतील तोफांनीं शिपाई पाडण्याचा खेळ घरांतील जमिनीवर आणिला. दुसऱ्याच वर्षीं खरें महायुद्ध पेटलें. १९६२ सालीं डोनाल्ड फेदरस्टोन यांचें ‘वॉर गेम्स’ निघालें, आणि या छंदास इंग्लंडांत मोठें चालन मिळालें.

बहुतेक लोक कालखंड निवडतात तो पोशाखावरून. नेपोलियनच्या सैन्यांतील तुरे, पट्टे व बिल्ले पाहून कोणाचाहि कुंचला हातांत फुरफुरेल. पण डोळ्यांची हौस सहा महिन्यांत फिटते. आमच्या मतें पहिली कसोटी ही कीं, त्या काळानें सेनापतीपुढें कोणता प्रश्न टाकला होता ? नेपोलियनच्या काळचा प्रश्न तीन अंगांच्या परस्परसंबंधाचा. घोडदळ आलें कीं पायदळानें चौकोन करावा. चौकोन झाला कीं तो तोफांस आयताच सांपडावा. आणि तोफा उघड्या राहिल्या कीं घोडदळानें त्या घ्याव्या. हें चक्र टेबलावर फार सुंदर फिरतें. १८६१ ते १८६५ या अमेरिकेंतील यादवी युद्धाचा प्रश्न निराळा. दूरवर मारा करणाऱ्या बंदुकांपुढें उघड्यावरून चालून जाणें कितपत शहाणपणाचें, हा तो प्रश्न. तेथें उभय पक्षांचे पोशाख साधे व सैन्यरचना जवळजवळ एकच; म्हणून नवशिक्यास तो काळ सोपा. उलट दुसऱ्या महायुद्धांतील रणगाड्यांच्या तोफांचा पल्ला एवढा, कीं तो प्रमाणांत धरूं गेल्यास टेबल पुरत नाहीं.

दुसरी कसोटी ही कीं, लढाईचा निकाल रणांगणावर लागला कीं त्यापूर्वींच ? १७२८ सालीं पालखेड येथें बाजीरावांनीं निजामास जेरीस आणिलें तें चालींनीं, त्यास पाण्यावांचून व रसदेवांचून कोंडून. ही मोहीम नकाशावर खेळावी. टेबलावर मांडावयास तेथें मोठी लढाईच नाहीं. पानिपताचेंहि कांहींसें तसेंच. १४ जानेवारी १७६१ च्या सकाळीं मराठी फौज छावणींतून निघाली ती उपासमारीनें खंगलेली होती. खेळ त्या सकाळीं सुरू केला तर पराभवाचें मुख्य कारण टेबलाबाहेरच राहतें.

या कसोट्या लावीत आम्ही अखेर आलों तें असईपाशीं. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं, सध्यांच्या जालना जिल्ह्यांत, केळणा व जुई या दोन नद्यांच्या मधल्या चिंचोळ्या भूमीवर, ऑर्थर वेल्स्ली यानें दौलतराव शिंदे व रघूजी भोसले यांच्या फौजांशीं सामना दिला. आपली दुसरी तुकडी येण्याची वाट न पाहतां त्यानें चाल केली. नदीला उतार नाहीं असें वाटाडे सांगत असतां, दोन्ही तीरांवर समोरासमोर गांवें दिसतात त्या अर्थीं उतार असलाच पाहिजे, असें अनुमान त्यानें केलें, आणि तें खरें ठरलें. तो बगलेवर येतांच शिंद्यांच्या कवायती पायदळाचा अधिकारी पोलमन यानें सगळी रांग वळवून त्याच्यासमोर उभी केली. कच्च्या सैन्यास हें साधत नाहीं. पुढें ऑरॉक नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्याची तुकडी वांट चुकून असई गांवाच्या तोफांवर गेली व तिच्यामागून गेलेली ७४ वी पलटण जवळजवळ कापली गेली. अखेर इंग्रज जिंकले. पण सुमारें साडेचार हजारांच्या त्यांच्या फौजेपैकीं दीड हजारांहून अधिक माणसें मेलीं वा घायाळ झालीं. येथें प्रत्येक घटकेस निर्णय आहे, आणि भूमि टेबलावर मावण्याजोगी आहे.

हिशेबहि बसतो. एक शिपाई वीस माणसांचा धरला तर इंग्रजांचे सव्वादोनशें व शिंद्यांच्या सुमारें दहा हजार पायदळाचे पांचशें होतात. तें आमच्यानें होणें नाहीं. एकास पन्नास धरलें कीं नव्वद व दोनशें, हें आटोक्यांतलें. शंभराच्या आसपास तोफांस दहा-बारा नमुने पुरतात, आणि मराठी घोडदळ त्या दिवशीं फारसें लढाईंत उतरलेंच नाहीं, तेव्हां त्याचे थोडेच स्वार लागतात. उंची पंधरा मिलिमीटरांची घ्यावी : अठ्ठावीसची टेबल अडविते, सहाची डोळे फोडते.

एक आक्षेप मात्र आम्हांस मनःपूर्वक विचारांत घ्यावा लागला. आमच्याबरोबर खेळणारा एक जुना विद्यार्थी म्हणाला, “गुरुजी, आपलाच पराभव हौसेनें मांडावयाचा, आणि वर इंग्रजांची बाजूहि आपणच घ्यावयाची ?” त्याचा राग खोटा नाहीं. पण असईवर ‘आपले’ कोण, हें तरी कोठें सोपें आहे ? वेल्स्लीच्या रांगांत मद्रासचे शिपाई होते. पेशव्यांच्या पक्षाचे मराठे स्वार त्याच्या बाजूस होते. आणि शिंद्यांच्या पायदळाचा अधिकारी पोलमन हा हानोव्हरचा. वर्गांत आपण मुलांस कोण जिंकला तें शिकवितों. त्या घटकेस कोणास काय ठाऊक होतें, हें शिकवावयाचें राहून जातें. पराभूताच्या खुर्चींत बसल्यावांचून पराभवाचें कारण कळत नाहीं, आणि जेत्याच्या खुर्चींत बसल्यावांचून तोहि किती घाबरला असेल हें कळत नाहीं. ज्या काळाच्या दोन्ही खुर्च्यांत आपण प्रामाणिकपणें बसूं शकत नाहीं, तो काळ घेऊं नये; ही आमची तिसरी व शेवटची कसोटी. शिवाय पन्नासांचा एक शिपाई टेबलावरून उचलतांना तीं पन्नास घरें आठवावीं. एवढें भान सुटलें तर छंद सोडलेला बरा.

वाचकांपैकीं कोणास हा मार्ग धरावयाचा असेल तर शिपायांवर एक पैहि खर्चण्यापूर्वीं त्यांनीं उभय पक्षांचें एकेक पुस्तक वाचावें, खडूनें फरशीवर भूमि काढावी, आणि चिंचोके व कवड्या मांडून तीच लढाई तीनदां लढावी. तिसऱ्या वेळींहि पुढें काय होईल ही उत्सुकता टिकली, तर तो काळ आपला. आम्हीं असई अशी तीनदां लढलों. दोनदां वेल्स्ली जिंकला. तिसऱ्या वेळीं आमच्या त्या विद्यार्थ्यानें दोन पलटणी व चार तोफा आधींच त्या उताराशीं ठेविल्या, आणि इंग्रज फौज नदींतच अडकली. तेव्हांपासून पोलमननें तसें कां केलें नसेल, यावर आमचा वाद चालूं आहे. वादाचा निकाल लागो न लागो, रंग मात्र आम्हीं मागविले आहेत.