स्टिअरिंग जड झाले की आपले हात?



पस्तीस वर्षे मुलांना शास्त्र आणि गणित शिकवले, त्यामुळे कुठलेही यंत्र उघडलेले दिसले की माझे पाय तिथेच थांबतात. आज ज्या यंत्राविषयी लिहिते आहे ते आपल्यापैकी पुष्कळांच्या गाडीत आहे. पण ते बिघडेपर्यंत त्याची ओळखही होत नाही. त्याचे नाव इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग. इथे इस्राएलमध्ये आपण त्याला ‘हेगे कोआख’ म्हणतो. माझी त्याच्याशी ओळख झाली बहरीनमध्ये.

माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा मूळचा ठाण्याचा. नोकरीनिमित्त बरीच वर्षे बहरीनमध्ये आहे. पूर्वी त्याच्याकडे जाणे आपल्यासारख्यांना शक्यच नव्हते. सप्टेंबर २०२० मध्ये करार झाला, ३० सप्टेंबर २०२१ रोजी मनामाहून तेल अवीवला पहिले प्रवासी विमान आले आणि वाट उघडली. २०२२ च्या नोव्हेंबरात मीही गेले. बहीण ठाण्याहून आली होती. अकरा वर्षांनी आम्ही दोघी भेटलो.

शुक्रवारी सकाळी भाच्याने आम्हांला मनामाला नेले. बाब अल-बहरीनची कमान पाहिली, मागचा जुना बाजार पाहिला, तिथले छोटेसे सिनेगॉग बाहेरून पाहिले. दुपारी परत निघालो. गाडी अरुंद जागेतून बाहेर काढताना भाचा एकदम म्हणाला, “मावशी, स्टिअरिंग वळतच नाही!” समोर एक पिवळा दिवा लागला होता: स्टिअरिंगचे चित्र आणि शेजारी उद्गारचिन्ह. दोन्ही हातांनी जोर लावल्यावर ते वळले, पण जात्यासारखे जड. बहीण घाबरून म्हणाली, “इथेच सोड गाडी.” भाच्याने थोडा विचार केला आणि उजव्या बाजूच्या लेनने अगदी सावकाश, वळणाच्या आधीच वेग कमी करत, आम्हांला शब्बाथ सुरू होण्याआधी रिफाला घरी आणले.

तो पूर्ण दिवस माझ्या डोक्यात एकच विचार होता, आणि तो भाच्याच्या गाडीचा नव्हता. अश्दोदला माझी स्वतःची छोटी गाडी आहे. गेले दोन-तीन महिने तिचे स्टिअरिंग मला सकाळी जड लागत होते. मी कोणाला बोलले नव्हते. मुलाच्या एकदा लक्षात आले तेव्हा तो म्हणाला, “आई, आता वय झालं. किल्ली माझ्याकडे दे.” तो चुकीचे बोलला असे मलाही वाटले नव्हते. चौऱ्याहत्तराव्या वर्षी हात थकणारच, असे मी मनाशी धरले होते. पण भाचा तर बेचाळीस वर्षांचा आहे. त्याचे हात थकले नव्हते.

घाण्याचा बैल

हे यंत्र समजायला आपल्या पूर्वजांचा तेलाचा घाणा आठवावा. कोकणात आपल्याला ‘शनवार तेली’ म्हणत ते याच धंद्यामुळे. घाण्याला लांब आडवे लाकूड असते. ते जितके लांब, तितका कमी जोर लागतो. जुन्या गाड्यांचे स्टिअरिंग मोठे असे, ते याच कारणाने. मुंबईची काळी-पिवळी फियाट टॅक्सी आठवा. भायखळ्याच्या नाक्यावर टॅक्सीवाला उभ्या गाडीचे स्टिअरिंग फिरवायचा तेव्हा त्याच्या दंडाच्या शिरा दिसत. तिथे फक्त माणसाचा हात आणि लांब दांडा; मदतीला कोणी नाही.

मग मदतनीस आला. अमेरिकेत फ्रान्सिस डेव्हिस नावाच्या इंजिनिअरने १९२० च्या दशकात तेलाच्या दाबाने स्टिअरिंगला जोर देण्याची युक्ती काढली. विक्रीच्या मोटारीत ती १९५१ साली क्रायस्लर कंपनीने आणली. त्यात इंजिनच्या पट्ट्यावर एक पंप सतत फिरतो. स्टिअरिंग वळवा अथवा न वळवा, बैल घाण्याभोवती फिरतोच आणि चारा म्हणजे पेट्रोल खातोच. १९८८ साली जपानच्या सुझुकी कंपनीने सर्व्हो या छोट्या गाडीत पंपाऐवजी विजेची मोटर बसवली. हा बैल गरज असेल तेव्हाच उठतो. त्यामुळे आज बहुतेक नव्या गाड्यांत हीच पद्धत आहे.

काम असे चालते. स्टिअरिंगच्या दांड्यात एक बारीक सळई असते. आपण स्टिअरिंग वळवले की ती किंचित पिळली जाते. किती पिळली आणि कोणत्या बाजूला, हे एक सेन्सर मोजतो आणि छोट्या कॉम्प्युटरला कळवतो. कॉम्प्युटर गाडीचा वेग पाहतो आणि मोटरला हुकूम देतो: एवढा जोर लाव. गाडी उभी असताना जास्त, हमरस्त्यावर कमी. नाहीतर वेगात स्टिअरिंग फारच हलके होऊन गाडी भरकटेल. मोटरच्या टोकाला मळसूत्रासारखा दात असतो. तो दांड्यावरच्या दातेरी चक्राला फिरवतो. मोटर भराभर फिरते, दांडा हळू फिरतो, आणि जोर अनेक पटींनी वाढतो.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. बैल सुटला तरी घाण्याचे लाकूड जागेवरच असते. तसेच मोटर बंद पडली तरी स्टिअरिंग आणि पुढची चाके यांची लोखंडी जोडणी तुटत नाही. गाडी वळते, फक्त सगळा जोर आपल्याला लावावा लागतो. शंका आली की कॉम्प्युटर स्वतःच मोटर बंद करतो, कारण चुकीच्या बाजूला ढकलणाऱ्या मदतनिसापेक्षा मदतनीस नसलेला बरा. मात्र बंद मोटरही दांड्याबरोबर ओढावी लागते, म्हणून ही गाडी जुन्या फियाटपेक्षाही जड लागू शकते.

हा बिघाड दुर्मीळ नाही. २०१० साली जनरल मोटर्स कंपनीने कोबाल्ट आणि तिच्या भावंड गाड्या मिळून सुमारे १३ लाख गाड्या याच दोषासाठी परत बोलावल्या आणि मोटर बदलून दिली.

सलमाबादचा मेकॅनिक

बहरीनमध्येही आपल्यासारखाच रविवार कामाचा दिवस. सकाळी आम्ही सलमाबादला गेलो. तिथे गल्लीच्या गल्ली मोटारींच्या कामाच्या आहेत. पहिल्या गॅरेजवाल्याने दिवा पाहिला आणि गाडीला हातही न लावता सांगितले, “पूर्ण स्टिअरिंग कॉलम बदलावा लागेल.” आकडा ऐकून भाच्याचा चेहरा उतरला. पाच मिनिटांत काही न तपासता रोग सांगणारा वैद्य मला पटत नाही. मी म्हटले, “दुसरीकडे चल.”

दुसरा मेकॅनिक केरळचा, पन्नाशीचा, कमी बोलणारा. त्याने आधी बॅटरी तपासली. याचे कारण समजून घ्या. पुढचा एक दिवा साधारण ५ अँपिअर वीज घेतो. ही मोटर गाडी उभी असताना ५०–६० अँपिअर किंवा त्याहूनही जास्त मागते. बॅटरी अशक्त असेल तर सर्वांत आधी हाच बैल उपाशी राहतो. बंद गाडीत साधारण १२.६ व्होल्ट आणि इंजिन चालू असताना १४ च्या आसपास हवेत. तेवढे होते. मग त्याने मोठा फ्यूज पाहिला, बॉडीला जोडलेली अर्थची तार पाहिली, प्लग उघडून गंज आहे का ते पाहिले. समुद्राची खारट दमट हवा आणि उन्हाळ्यात चाळीसच्या वर जाणारा पारा, यांत जोडण्या लवकर खराब होतात. त्या ठीक होत्या. शेवटी त्याने स्कॅनर लावला. दोष मोटरचा निघाला. आतले कार्बन ब्रश झिजले होते.

आमच्या नशिबाने त्या गाडीची मोटर सुटी काढता येत होती. काही गाड्यांत ती सुटी मिळत नाही, तेव्हा पूर्ण कॉलम घ्यावाच लागतो. पण ते तपासल्यावर ठरते, आधी नाही. भाच्याने विचारले, भंगारातली चालेल का? मेकॅनिक म्हणाला, जुन्या मोटरचे ब्रशही जुनेच असतात, आणि कॉम्प्युटरसकट जुना भाग घेतला तर तो दुसऱ्या गाडीशी जुळेलच असे नाही. नवी मागवली. ती मंगळवारी आली.

मी स्टुलावर बसून सर्व पाहिले. त्याने पुढची चाके आणि स्टिअरिंग सरळ केले, मग बॅटरीची ऋण बाजूची तार काढली आणि चहा प्यायला बसला. मी घड्याळ पाहू लागले तेव्हा हसून म्हणाला, “अम्मा, एअरबॅगमधली वीज उतरू दे.” स्टिअरिंगमधल्या एअरबॅगमध्ये तार काढल्यावरही काही वेळ वीज साठून राहते, म्हणून थांबणे भाग आहे. नंतर त्याने स्टिअरिंग हलू नये म्हणून सीटबेल्टने बांधले. स्टिअरिंगखाली गुंडाळलेली एक पट्टीची तार असते. कॉलम सोडवलेला असताना स्टिअरिंग गरागरा फिरले तर ती तुटते आणि एअरबॅग व हॉर्न दोन्ही जातात.

मग खालचे प्लॅस्टिक आवरण काढले, मोटरचे प्लग सोडवले, बोल्ट काढले आणि मोटर बाहेर आली. आकाराने वाणसामानाच्या लहान डब्याएवढी. मोटर आणि मळसूत्र यांच्यामध्ये रबराचा छोटा तुकडा असतो, तोही झिजला होता, नवा घातला. नवी मोटर सरळ बसवून बोल्ट मापाच्या पान्याने आवळले, प्लग जोडले, बॅटरी जोडली.

मला वाटले काम झाले. पण खरा धडा पुढे होता. त्याने पुन्हा स्कॅनर लावला, जुना दोष पुसला आणि सेन्सरला शून्य शिकवले, म्हणजे ‘स्टिअरिंग सरळ आहे, कोणी पिळत नाही’ ही स्थिती कॉम्प्युटरच्या नोंदीत घातली. हे राहून गेले तर मोटर एका बाजूला आपोआप ढकलत राहते. तराजूचा काटा आधी शून्यावर आणल्याशिवाय वजन करू नये, हे मी मुलांना किती वर्षे सांगितले! शेवटी गाडी चालवून पाहिली: दोन्ही बाजूंना सारखे हलके, आणि वळणानंतर हात सैल सोडले की स्टिअरिंग आपोआप मध्यावर. एकूण खर्च पहिल्या गॅरेजच्या आकड्याच्या निम्म्याहून कमी.

आपण काय लक्षात ठेवावे

चालत्या गाडीत हा दिवा लागला तर इंजिन बंद करू नका. दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरा, वेग उतरवा, कडेला सुरक्षित जागी थांबा. मग गाडी बंद करून काही मिनिटांनी सुरू करा. अरुंद जागेत उभी गाडी वारंवार वळवल्याने मोटर तापते आणि तात्पुरती मदत कमी करते. ती निवल्यावर ठीक होते. दिवा परत लागला तर मुसाखमध्ये जा. अंगात जोर कमी असेल तर स्वतः नेऊ नका, ओढून न्यायला सांगा. हे काम घरी करून पाहू नका. एअरबॅगशी खेळ नको.

मुसाखमध्ये पाच प्रश्न विचारा. बॅटरीचे व्होल्ट किती? फ्यूज आणि अर्थ पाहिले का? स्कॅनरने कोणता दोष दाखवला? मोटर सुटी मिळते का? बसवल्यावर शून्य शिकवणार का? म्हातारे माणूस हे विचारते म्हटल्यावर समोरचा जरा सरळ बसतो.

आणि सहावा प्रश्न स्वतःसाठी. स्टिअरिंग जड लागते, तर गाडी थकली की आपण? परीक्षा सोपी आहे. आपल्या गाडीत एखाद्या तरुणाला बसवा. त्यालाही जड लागले तर गाडी दाखवा. त्याला हलके लागले आणि फक्त आपल्याला जड, तर खांदा आणि मनगट डॉक्टरांना दाखवा, आणि जे ते सांगतील ते माना. दोन्ही उत्तरे ऐकायची तयारी ठेवूनच परीक्षा द्यावी.

अश्दोदला परतल्यावर मी मुलाला माझ्या गाडीत बसवले. सकाळची वेळ होती. त्याने स्टिअरिंग फिरवले, माझ्याकडे पाहिले, पुन्हा फिरवले. मुसाखमध्ये मोटर ठीक निघाली; बॅटरी पाच वर्षांची होऊन संपली होती. ती बदलली आणि स्टिअरिंग पूर्वीसारखे झाले. मुलाने किल्ली माझ्या हातात दिली. मी त्याला सांगितले, “दर वर्षी तेस्तला गाडी जाते, त्याच आठवड्यात माझे डोळे आणि हातही तपासायचे. ज्या वर्षी मी नापास होईन, त्या वर्षी किल्ली मीच तुला देईन.”

या वर्षी दोघीही पास झालो, गाडीही आणि मीही. पुढच्या वर्षीचे देव जाणे. आपण सर्वांना आयुरारोग्य लाभो.