खाचेत बसलेलं रेशीम

ब्लाऊज शिवणाऱ्या टेलरच्या मशिनखाली संध्याकाळी काय काय पडलेलं असतं ते एकदा निरखून पाहावं. गडहिंग्लजच्या बाजारपेठेत दिवाळीच्या तोंडावर त्याची पोती भरतात. बगलेचे चंद्रकोरी तुकडे, गळ्याच्या चकत्या, अस्तराच्या पट्ट्या, मधूनच खणाचा तळहाताएवढा तुकडा. त्यातले मोठे तुकडे वाकळा शिवणाऱ्या बायका निवडून नेतात. लहान कातरणाला वाली नाही. ते उशीत जातं, नाहीतर बंबात.

जपानी लोकांनी नेमक्या या लहान तुकड्यांची चित्रं केली, आणि तीही सुईला हात न लावता.

या कामाचं मूळ क्योतोच्या कामिगामो देवस्थानात सांगतात. काळ 1736 ते 1741च्या दरम्यानचा, म्हणजे आपल्याकडे थोरल्या बाजीरावाचा. देवस्थानातल्या ताकाहाशी तादाशिगे नावाच्या सेवकाकडे दोन टाकाऊ वस्तू होत्या: विलोच्या लाकडाचे उरलेले तुकडे आणि पुजाऱ्यांच्या वस्त्रांच्या चिंध्या. त्याने लाकडाची बोटभर बाहुली कोरली, वस्त्राच्या चुण्या जिथे याव्यात तिथे बारीक खाचा पाडल्या आणि चिंध्यांच्या कडा त्या खाचांत दाबून बसवल्या. या पद्धतीला किमेकोमी म्हणतात. पुढे एदोच्या, म्हणजे आजच्या तोक्योच्या, कारागिरांनी कोरीवकामाला फाटा दिला. पावलोनिया झाडाचा भुसा गव्हाच्या खळीत मळून ते साच्यातून बाहुल्या काढू लागले. भुसा आणि खळ! इचलकरंजीच्या सायझिंगवाल्याला आणि कुठल्याही सुताराला हे साहित्य समजावून सांगायला नको.

हीच युक्ती सपाट फळीवर केली की चित्र होतं. जुन्या किमोनोंच्या रेशमातून केलेल्या अशा चित्रांना किनुसाइगा म्हणतात. दुसरा प्रकार ओशिए. त्यात पुठ्ठ्याचे आकार कापून त्यावर कापूस ठेवतात, वरून रेशीम ताणून मागे चिकटवतात आणि असे फुगीर तुकडे जुळवून काबुकी नटाचा चेहरामोहरा उभा करतात. नववर्षाच्या खेळातल्या लाकडी फळ्यांवर ही चित्रं असतात. दर 17 ते 19 डिसेंबरला तोक्योत असाकुसाच्या सेन्सोजी मंदिराच्या आवारात या फळ्यांचा बाजार भरतो. एदोगावा राम्पो या रहस्यकथाकाराने 1929 साली ओशिएमधल्या मुलीवर जीव जडलेल्या माणसाची एक विलक्षण कथा लिहिली. कापडाच्या फुगीर गालांत काहीतरी जिवंत वाटतं, हे त्याने बरोबर हेरलं होतं.

जपानात हे का घडलं, याचं एक कारण किमोनोच्या बेतण्यात आहे. सुमारे 36 सेंटिमीटर रुंद आणि 12 मीटर लांब अशा एका ताग्यातून तो सरळ रेषांत कापतात, धुवायच्या वेळी उसवून पुन्हा ताग्यासारखा जोडतात. त्यामुळे किमोनो जुना झाला तरी हाती येतात त्या धाग्यात सरळ अशा रेशमाच्या लांब पट्ट्या. आपल्या नऊवारीला कात्रीच लागत नव्हती. चोळीसाठीचा खणही अरुंद विणलेला, दोन्ही बाजूंना काठ असलेला. बेतताना फारसा वाया जात नसे. आपल्याकडे कातरणाचे ढीग आले ते शिवणयंत्राबरोबर आणि फिटिंगच्या ब्लाऊजबरोबर. त्याआधी जीर्ण लुगडं होतं, आणि जीर्ण लुगड्याची वाकळ होते. थंडीत पोराबाळांच्या अंगावर काय घालायचं हा प्रश्न असताना भिंतीवर काय लावायचं हे कोण पाहणार?

भिंतीवर लावायला चित्र आलं ते छापखान्यातून. पुण्याची चित्रशाळा 1878ची. राजा रविवर्म्याने 1894 साली मुंबईत छापखाना काढला, तो काही वर्षांतच लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी घरोघरी पोहोचल्या आणि काही घरांतल्या बायकांनी एक गंमत केली. छापील देवीला खरं वस्त्र नेसवलं. चेहरा, हात, पाय तेवढे छापील ठेवायचे. बाकी साडीवर रेशमाचा तुकडा, काठाला जर, दागिन्यांच्या जागी टिकल्या आणि मणी. अशी सजवलेली ओलिओग्राफ आज संग्रहालयांत मानाने ठेवलेली दिसतात. अठराव्या शतकात फ्रान्समध्येही छापील चित्रांना असे कपडे चढवत, पण उलट बाजूने: चित्रातला पोशाख कापून काढायचा आणि मागून कापड लावायचं.

मला आपल्याकडचं हे वस्त्र नेसवणं कलेपेक्षा पूजेशी जवळचं वाटतं. कोल्हापूरच्या अंबाबाईला रोज साडी नेसवतात. तसबिरीतल्या लक्ष्मीला एकदाच नेसवली, एवढाच फरक. म्हणून आपल्या या कामात चित्र आधी असतं आणि कापड त्याचा साज. किमेकोमीच्या फळीवर मात्र कापडाखाली काहीच नसतं. डोंगर, पाणी, माणूस, सगळं कापडानेच व्हायचं. आपल्या रुखवतातली मखमलीवरची चित्रं आणि शाळेतलं चिकटकाम त्या दिशेने थोडं सरकलं, पण डिंकापाशी अडलं. डिंक कापडातून वर येऊन डाग पडतो आणि खळीला झुरळं लागतात.

आणि गंमत म्हणजे सुईविना जोडण्याची उत्तम विद्या आमच्या सीमेपलीकडे कर्नाटकातच आहे. इरकलीचा पदर लुगड्याला शिवलेला नसतो. अंगाच्या सुती ताण्याचे आणि पदराच्या रेशमी ताण्याचे धागे मागावरच एकमेकांत फासे अडकवून जोडलेले असतात.

किमेकोमीचं चित्र करून पाहायचं असेल तर मऊ फळी लागते. पुष्कळजण थर्माकोल घेतात, पण 2018च्या बंदीनंतर मखरातून हद्दपार केलेलं थर्माकोल चित्रातून घरात का आणावं? भुसा-खळीचा थर फळीवर थापून वाळवला तर तोही चालावा. पुरता कडक होण्याआधी खाचा पाडून घ्यायच्या. खाच तीन-चार मिलिमीटर खोल. कापड आकारापेक्षा तेवढंच मोठं कापायचं आणि बोथट पात्याने कड आत ढकलायची. दोन शेजारी तुकडे एकाच खाचेत उतरतात आणि एकमेकांना धरून ठेवतात. वळणावर कापड तिरक्या धाग्यात घेतलं तर चुणी पडत नाही. सुती कापड मुकाट्याने बसतं, नायलॉन उसळून बाहेर येतं, जॉर्जेटखालची फळी दिसते. खण सर्वांत गुणी: नक्षी बारीक, त्यामुळे इंचभर तुकड्यातही ती पुरी मावते, आणि ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या, त्यामुळे तोच तुकडा उभा लावला तर एक छटा, आडवा लावला तर दुसरी. हिरण्यकेशीचं पाणी आणि काठचा ऊस एकाच हिरव्या खणात निघू शकतो. फुजी पर्वताचे नमुने गिरवत बसण्यापेक्षा सामानगडाची तटबंदी काळ्या चंद्रकळेत करून पाहावी.

खण कडेला फार सुटतो म्हणून टेलर त्याला वैतागतात. इथे ती कड खाचेत जाते, आणि पुढेमागे एखादा तुकडा विटला तर पात्याच्या टोकाने तेवढाच उपसून दुसरा बसवता येतो.