आधी सुटायला शिका

सायकल शिकवताना पोराला सगळ्यात आधी काय सांगतात? ‘घाबरू नकोस, तोल गेला की पाय टेक.’ तासाच्या भाड्याची सायकल घेऊन, सांगलीच्या सपाट रस्त्यांवर दांड्याखालून पाय घालत हाफ पायडल मारणारी आमची पिढी याच मंत्रावर शिकली. त्यामुळे वयाच्या सहासष्टाव्या वर्षी मी पायच पायडलला जखडून घेणार म्हटल्यावर आमच्या सौ.नी विचारले, ‘‘अहो, मग पडताना काय टेकणार?’’ प्रश्न रास्त होता. बँकेत कर्जाचे अर्ज तपासताना मीही दुसरे काय विचारीत असे? घेताय ते ठीक, पण फेडणार कसे?

निमित्त होते सातारा ते सांगली या प्रवासाचे. नोकरीने साताऱ्यात आणले आणि निवृत्तीनंतर इथेच राहिलो. गाव मात्र सांगली. उंब्रज, कराड, पेठ नाका, तिथून डावीकडे वळून आष्टा आणि सांगली. अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. जानेवारीत ते एका दिवसात सायकलने कापायचे ठरले. पुतण्याने बूट आणि पायडलचा खोका आणून ठेवला. म्हणाला, ‘‘काका, लांब पल्ल्याला हेच लागतं.’’

या पायडलचे नाव मोठे फसवे आहे. पाय पक्का अडकतो आणि म्हणायचे ‘क्लिपलेस’! पूर्वी शर्यतीत उतरणारे सायकलपटू पाऊल धातूच्या पिंजऱ्यात घालून चामडी पट्ट्याने आवळीत. त्या पिंजऱ्याला टो-क्लिप म्हणत. ती गेली, म्हणून हे क्लिपलेस. नव्या तऱ्हेत बुटाच्या तळव्याला ‘क्लीट’ नावाची छोटी पट्टी स्क्रूने बसवलेली असते. ती पायडलवर दाबली की खट् करून अडकते आणि टाच बाहेर फिरवली की सुटते. ही कल्पना बर्फावरून घसरण्याच्या खेळातली. स्कीच्या बुटांचे खटके बनवणाऱ्या फ्रान्सच्या लूक कंपनीने १९८४ मध्ये ती सायकलला लावली. १९८५ मध्ये बर्नार इनो हे पायडल वापरून टूर द फ्रान्स जिंकला आणि पट्ट्यांचे दिवस भरले. पुढे १९९० मध्ये जपानच्या शिमानोने क्लीट तळव्याच्या खाचेत बसवली. त्यामुळे तेच बूट घालून चार पावले धड चालताही येऊ लागले.

‘पाय वर ओढतानाही जोर लागतो, म्हणून वेग वाढतो,’ असे कौतुकाने सांगितले जाते. शास्त्रज्ञांनी तपासले तेव्हा एका लयीत चालवताना शक्तीची फारशी बचत दिसली नाही. मुद्दाम पाय वर ओढणाऱ्याची दमछाक उलट वाढली. खरा फायदा साधा आहे. पाऊल जागचे हलत नाही. पावसात, खडबडीत रस्त्यावर, उभे राहून चढ चढताना ते घसरत नाही. पण या गुणातच दोषही आहे. क्लीट तिरकी बसली, तर पाऊल दर फेऱ्याला तिरकेच राहते. मिनिटाला ८० फेरे धरले, तर तासाला ४,८०० आणि सहा तासांत २८,८०० होतात. बसवतानाची केसभर चूक गुडघा चक्रवाढ व्याजाने फेडतो. शिवाय अर्ध्या तासाच्या फेरीत याचा पत्ता लागत नाही. दुखणे उगवते ते तिसऱ्या-चौथ्या तासाला, घर लांब असताना.

म्हणून मी पुतण्याला स्पष्ट सांगितले, सहा आठवडे मिळाले तरच हे पायडल. नाहीतर जुनेच बरे. पायडलचा आस अंगठ्यामागच्या उंचवट्याच्या जरा मागे येईल, अशी क्लीट बसवली. खटक्याची स्प्रिंग सगळ्यात सैल ठेवली. बूट बदलला की पाय आणि पायडल यांतले अंतर बदलते, म्हणून सीटची उंची पुन्हा मोजली. मग भिंतीला हात टेकून प्रत्येक पाय पन्नास-पन्नास वेळा अडकवला आणि सोडवला. नंतर मैदानातल्या गवतावर तेच. नियम एकच, थांबायच्या आधी पाय सोडायचा, थांबल्यावर नव्हे. हे डोक्याने कळून भागत नाही, टाचेला कळावे लागते. पंधरा दिवसांनी यवतेश्वरच्या घाटाला लागलो. चढावर वेग इतका कमी असतो की एक फेरा चुकला तरी सायकल उभी राहते, आणि उभी राहिलेली सायकल आडवी होणारच.

आमच्या टोळीतल्या एका गृहस्थांचे तेच झाले. वळणावर थांबले, उजवा पाय सोडला आणि तोल गेला डावीकडे. वेग शून्य, पण मनगट मोडले. साठीनंतर हाडे विरळ होतात. तरुण ज्या पडण्यावर हसतो, ते पडणे आपल्याला खुब्याच्या शस्त्रक्रियेपर्यंत नेऊ शकते. घोडेस्वारालाही पडण्यापेक्षा रिकिबीत पाय अडकण्याचे भय अधिक असे.

अमेरिका आडवी पार करणारी सुमारे ४,८०० किलोमीटरची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ २०१५ मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी जोडीने पुरी केली. २०१७ मध्ये नाशिकचे श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकेकट्याने केली. त्यांच्यापुढे आमची सांगली म्हणजे कोपऱ्यावरचे दुकान. पण लांब पल्ल्याचे सायकलस्वार एक पथ्य सांगतात, ते दोन्हींकडे सारखेच लागू आहे. मोठ्या दिवशी नवे काही वापरू नये. बूट नाही, सीट नाही, खाणेही नाही.

जानेवारीत आम्ही निघालो. कराडपर्यंत पायांकडे लक्षही गेले नाही. आष्ट्याच्या अलीकडे उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर पुढ्यात अचानक थांबला. ब्रेक दाबतानाच माझी टाच आपसूक बाहेर वळली होती. सहा आठवड्यांची कमाई काय, तर एवढीच. सोबतचे दोघे साध्या पायडलवर होते. १९२९ सालच्या आयर्विन पुलाशी आम्ही तिघे बरोबरच पोचलो.

तेव्हा घरातल्या कोणाला हे पायडल घ्यायची हौस असेल, तर जरूर घेऊ द्या. मात्र मोठ्या प्रवासाची तारीख आधी विचारा. ती आठ दिवसांवर आली असेल, तर खोका माळ्यावर ठेवा. एका बाजूला खटका आणि दुसरी बाजू सपाट, असेही पायडल मिळते. बिचकणाऱ्याने तिथून सुरुवात करावी. आणि ज्याला पाय मोकळाच बरा वाटतो, त्याला कमी लेखू नका. तोही सांगलीलाच पोचतो.