घरची रताळ्याची बिस्किटं: गैरसमज आणि वस्तुस्थिती

आषाढी एकादशी किंवा महाशिवरात्र जवळ आली की ठाण्याच्या जांभळी नाक्यावर आणि कल्याणच्या लक्ष्मी मार्केटमध्ये रताळ्यांचे ढीग लागतात. उपवास होतो, किलोभर आणलेल्यातली निम्मी रताळी टोपलीत उरतात आणि त्यांचं काय करायचं, हा प्रश्न पडतो. घरोघरी ओटीजी आल्यापासून त्याला एक नवं उत्तर मिळालं आहे: बिस्किटं. पण या बिस्किटांविषयी इतक्या अर्धवट समजुती पसरल्या आहेत की अनेकजणी एकदा करून बघतात, मऊ पडलेली बिस्किटं पाहून हिरमुसतात आणि नाद सोडतात. तसं व्हायला नको. पदार्थ खरोखर चांगला आहे. फक्त रताळं पिठात जाताना पाणी आणि साखर दोन्ही बरोबर घेऊन जातं, आणि त्याचा हिशेब कुणी धरत नाही. बहुतेक गैरसमजांचं मूळ इथंच आहे.

सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार म्हणजे ‘सोडा कमी पडला, म्हणून बिस्किटं मऊ झाली’. सोड्याने बिस्किट फुलतं, पसरतं, त्याचा रंग गडद होतो. खुसखुशीतपणा येतो तो पाणी निघून गेल्यामुळे. कच्च्या रताळ्यात १०० ग्रॅममागे सुमारे ७७ ग्रॅम पाणी असतं आणि उकडल्याने ते फारसं कमी होत नाही. खुसखुशीत बिस्किटात मात्र शेवटी ५ टक्क्यांपर्यंतच पाणी उरायला हवं. नानकटाईच्या पिठात तूप, पिठीसाखर आणि मैदा असतो, वरून पाणी घातलेलंच नसतं. त्याच कृतीत वाटीभर उकडलेलं रताळं कुस्करून घातलं तर त्याचा केक होणार. मग पीठ सैल झालं म्हणून आणखी मैदा घालायचा, तो घातला की बिस्किट कडक आणि चिवट होतं, आणि दोष पुन्हा सोड्याला.

उपाय पिठात हात घालण्याआधीच करायचा असतो. रताळी सालासकट भाजा. उकडायचीच असतील तर पाण्यात न बुडवता वाफवा. गर गरम असतानाच चाळणीतून दाबून काढा, म्हणजे दोरे वर राहतात. मग जाड बुडाच्या कढईत, तुपाचा थेंबही न घालता, मंद आचेवर परता. सुरुवातीला गर बुडाला चिकटतो आणि त्यातून वाफ फुसफुसत बाहेर येते. हळूहळू तो कडा सोडतो, त्याचा एकसंध गोळा होतो आणि उलथन्याने रेघ ओढली तर ती मिटत नाही. तिथं गॅस बंद करायचा आणि गर पूर्ण गार होऊ द्यायचा, नाहीतर तूप वितळून पीठ पुन्हा सैल होतं. असा आटवलेला १०० ग्रॅम गर, १५० ग्रॅम कणीक, ६० ग्रॅम घट्ट तूप, ५० ग्रॅम चिरलेला गूळ, चिमूटभर मीठ आणि पाव चमचा बेकिंग पावडर. दूध नको, पाणी नको. पीठ अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवून तीन-चार मिलिमीटर जाडीची पोळी लाटा, काट्याने टोचे मारा आणि १६० अंशांवर वीस-पंचवीस मिनिटं भाजा. त्यानंतर ११० अंशांवर आणखी पंधरा-वीस मिनिटं नुसती वाळवा. टोस्ट खुटखुटीत होतो तो या दुसऱ्या भाजण्यामुळेच.

‘ओव्हन नसेल तर जमणारच नाही’ हेही खरं नाही. कुकरची शिट्टी आणि रिंग काढून, तळाशी मीठ पसरून बिस्किटं भाजता येतात. जाड कढईत जास्त चांगली होतात. पण झाकणाखाली वाफ कोंडते आणि रताळ्याच्या पिठाला नेमकी तीच नको असते. शेवटची दहा मिनिटं झाकण तिरकं ठेवा. मायक्रोवेव्हमध्ये कन्व्हेक्शनची सोय असेल तरच बिस्किटांना रंग येतो. नुसत्या मायक्रोवेव्हवर ती शिजतात, भाजली जात नाहीत.

आता साखर. ‘या खेपेची रताळी गोड नव्हती’ असं आपण सहज म्हणतो. जातीचा फरक असतो आणि ताज्या खणलेल्या रताळ्यापेक्षा थोडं मुरलेलं रताळं गोड लागतं, हे खरं. पण गोडी बरीचशी आपल्या गॅसवरच ठरते. रताळ्यात बीटा-अमायलेज नावाचं विकर असतं. साधारण ६० ते ७८ अंशांच्या दरम्यान ते रताळ्यातल्या पिष्टाचं माल्टोज या साखरेत रूपांतर करतं. त्याहून जास्त तापलं की ते निकामी होतं. मायक्रोवेव्हमध्ये रताळं हा टप्पा दोन-तीन मिनिटांत ओलांडतं, म्हणून सपक लागतं. मंद आचेवर भाजलेलं रताळं त्या टप्प्यात बराच वेळ राहतं, म्हणून त्याच्या सालावर चिकट पाक पाझरतो. सावकाश भाजलेल्या गराच्या बिस्किटात गूळ थोडा कमी घातला तरी चालतो.

याच गोडीमुळे एका मोठ्या गैरसमजाकडे यावं लागतं. ‘मैदा नाही, साखर नाही, रताळं आणि गूळ आहे, म्हणजे मधुमेह असलेल्यांना चालेल.’ घरातल्या वडीलधाऱ्यांना प्रेमाने हीच बिस्किटं पुढे केली जातात, म्हणून हे स्पष्ट सांगायला हवं. उकडलेलं रताळं रक्तातली साखर तुलनेने सावकाश वाढवतं. तेच भाजलेलं रताळं ती झपाट्याने वाढवतं. बिस्किटात भाजलेला, आटवलेला गर जातो, वर कणीक आणि गूळ. गुळात थोडी खनिजं असली तरी त्याचा मोठा भाग साखरच असतो. तेव्हा आजोबांनी चहाबरोबर दोन बिस्किटं घेतली, तर ती दिवसाच्या हिशेबात धरावीत. त्यांना औषधी समजून डबा मोकळा सोडू नये. मैद्याच्या बिस्किटापेक्षा यात चोथा जास्त आहे, चव भरपूर आहे आणि आत काय घातलंय ते आपल्याला माहीत आहे. एवढे गुण पुरेसे आहेत.

‘रताळं म्हणजे व्हिटॅमिन ए’ हे वाक्य भगव्या गराच्या रताळ्याला लागू पडतं. त्या रताळ्यांनी आफ्रिकेत मुलांच्या आहारातली अ जीवनसत्त्वाची उणीव भरून काढायला मदत केली आणि त्या कामासाठी २०१६ साली जागतिक अन्न पुरस्कार दिला गेला. आपल्याकडे तिरुवनंतपुरमच्या केंद्रीय कंद पिके संशोधन संस्थेने ‘भू सोना’ ही भगव्या गराची जात काढली आहे. पण आपल्या बाजारात नेहमी मिळणारं रताळं बाहेरून लाल आणि आतून पांढरट असतं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं ‘कोकण अश्विनी’ही त्याच वळणाचं. पांढऱ्या गरात बीटा-कॅरोटीन नगण्य असतं. सालाच्या रंगावर जाऊ नका, कापून बघा.

जांभळ्या रंगाची तऱ्हा आणखी वेगळी. जांभळी बिस्किटं बघून बरेचजण हिवाळ्यात, उंधियूच्या दिवसांत, बाजारातून जांभळा कंद आणतात. तो असतो कोनफळ. कोनफळ आणि रताळं यांची कुळंही वेगळी. कोनफळ सोलताना हाताला खाज सुटू शकते, त्याचा गर चिकट असतो आणि रताळ्याइतका गोड नसतो. त्याचीही बिस्किटं होतात, पण गूळ-साखरेचं माप बदलावं लागतं. खरोखरचं जांभळं रताळं मिळालं तर खाण्याचा सोडा टाळा, कारण त्यातला जांभळा रंग अल्कलीत निळसर-हिरवा होतो. त्यात विषारी काही नसतं, पण तो रंग पाहून मुलं बिस्किटाला हात लावत नाहीत.

उपवासाबद्दल थोडक्यात. ‘रताळ्याची आहेत, म्हणजे उपवासाला चालतात’ असं म्हणून कणकेची बिस्किटं खाल्ली जातात, हे आश्चर्यच. राजगिरा आणि शिंगाड्याचं पीठ घेतलं तर ती खरोखर उपवासाची होतात. त्या पिठांत ग्लुटेन नसलं तरी आटवलेला गर त्यांना बांधून ठेवतो. बेकिंग पावडर मात्र वगळा. तिच्यात बहुधा मक्याचं पिष्ट असतं आणि अनेक घरांत मका उपवासाला चालत नाही. पातळ बिस्किटाला तिची गरजही नाही.

उरलेली रताळी फ्रीजमध्ये टाकणं ही सरसकट सवय आहे आणि ती चुकीची आहे. साधारण १२ अंशांखाली रताळ्याला थंडी बाधते. मग कितीही शिजवलं तरी आत टणक गाठी राहतात आणि त्या बिस्किटात दाताखाली येतात. टोपलीत, हवेशीर जागी, उजेडापासून दूर ठेवा. कोंब आले तर घाबरू नका. कोंब आलेल्या, हिरव्या पडलेल्या बटाट्यात सोलॅनिन वाढतं, तसा धोका रताळ्यात नसतो. कोंब काढा आणि वापरा. खरी काळजी दुसरीकडे घ्यायची आहे. सोंड्या भुंग्याने पोखरलेलं किंवा काळी सड लागलेलं रताळं कडू होतं. कीड-बुरशीशी लढताना त्यात तयार होणारी काही द्रव्यं यकृताला आणि फुप्फुसांना अपायकारक असतात आणि शिजवल्याने ती जात नाहीत. ‘गूळ जरा जास्त घालू, कळणार नाही’ असं इथे अजिबात करू नका. कडू लागलं की सगळं रताळं टाकून द्या.

‘जितकं तांबूस, तितकं खरपूस’ या हौशीलाही थोडा आवर हवा. रताळ्यातली साखर आणि अ‍ॅस्परॅजिन हे अमिनो आम्ल १२० अंशांपुढे एकत्र आले की अ‍ॅक्रिलामाइड तयार होतं. ते कर्करोगाला कारण ठरू शकतं, असा संशय आहे. युरोपीय संघाने बिस्किटांसाठी त्याची किलोला ३५० मायक्रोग्रॅम ही संदर्भमर्यादा ठरवली आहे. रताळ्याच्या पिठात साखर जास्त, म्हणून ते लवकर काळवंडतं. कडा सोनेरी झाल्या की आच कमी करा.

डोंबिवलीत, कल्याणात घरून खाऊ करून विकणाऱ्या अनेकजणी आता ही बिस्किटं करतात. ‘घरचं आहे, परवाना कशाला?’ असं त्यांना कुणी सांगितलं असेल, तर ते चूक आहे; व्यवसाय लहान असला तरी एफएसएसएआयची नोंदणी लागते. आणि पाकिटावर ‘शुगर फ्री’ छापायचं तर १०० ग्रॅममागे अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त साखर नसावी, असा नियम आहे. रताळ्याची स्वतःचीच साखर त्याच्या कितीतरी पुढे जाते, गुळाची तर वेगळीच. विकत घेणाऱ्यांनी घटकांची यादी वाचावी. ती वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. पहिला मैदा आणि रताळं पाचव्या क्रमांकावर असेल, तर ती मैद्याची बिस्किटं.

राहिला आपला पावसाळा. खाडीकाठच्या दमट हवेत ही बिस्किटं मैद्याच्या बिस्किटांपेक्षा लवकर सादळतात, कारण गूळ ओल ओढून घेतो. याला घरगुती बिस्किटांचा दोष समजून कुणी जास्त तूप घालतं, पण त्याने फक्त ती ठिसूळ होतात. बिस्किटं पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका, एका मोठ्या डब्याऐवजी दोन-तीन लहान हवाबंद डबे करा. तरीही सादळली, तर १२० अंशांवर आठ-दहा मिनिटं ठेवा आणि बाहेर काढून गार होऊ द्या. गरम असताना ती मऊच लागतात, गार झाल्यावर पुन्हा कुरकुरीत होतात.